पाठीवरचे कोरडे पट्टे

१८७५ साली चार्ल्स डार्विनने पाळीव प्राणी आणि वनस्पतींवरच्या आपल्या जाडजूड ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढली. त्यात मध्येच सिंधमधलं एक हिंदू कुटुंब भेटतं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि ही हकिगत डार्विनला वेडरबर्न नावाच्या गृहस्थांनी कळवली होती. चार पिढ्यांतले दहा पुरुष, आणि तोंडात ३२ ऐवजी जेमतेम १२ दात: पुढे चार बारके, कमजोर, मागे आठ दाढा. अंगावर केस नावाला, टक्कल लवकर. उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. सिंधचा उन्हाळा, आणि घामच नाही!

त्या घरच्या मुलींना यातलं काही नव्हतं. पण त्यांच्या पोटच्या मुलग्यांत ते पुन्हा उगवायचं. बापाकडून मुलग्याकडे मात्र एकदाही गेलं नाही. गुणसूत्रांचा पत्ता नसताना डार्विनने हे सगळं टिपून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आज उत्तर सोपं आहे. बिघडलेलं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. १९९६ मध्ये ते सापडलंही. बाप मुलग्याला वाय देतो, आपला एक्स देतो तो मुलींना. मुलग्याकडे आईकडून आलेला एकच एक्स, तोच बिघडलेला निघाला तर दुसरी प्रत नाही. मुलीकडे ती असते, म्हणून मुलगी सुटते.

सुटते खरी, पण पूर्ण नाही. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी उंदरांच्या अंगावरचे रंगाचे ठिपके पाहून एक भन्नाट कल्पना मांडली. मादीचा गर्भ अगदी इवलासा असतानाच त्यातली प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकी एक जवळजवळ गप्प करते. कोणता, ते नशिबावर. त्या पेशीपासून पुढे जन्मणाऱ्या सगळ्या पेशी तोच निवाडा पाळतात. काळ्या-नारिंगी ठिगळांची मांजर हा त्याचा चालताबोलता पुरावा. नारिंगी रंगाचं जनुक एक्सवरच असल्याने अशी मांजर जवळपास नेहमी भाटीच निघते. तसा बोका क्वचित जन्मतो, तोही बहुधा जादा एक्स घेऊन.

बाईच्या अंगावरची ठिगळं अशी दिसत नाहीत. ती दिसायला घाम यावा लागतो. सिंधमधल्यासारखा दोष एका एक्सवर वागवणाऱ्या स्त्रीच्या पाठीला आयोडीन लावायचं, वाळलं की वर स्टार्चची पूड भुरभुरायची आणि तिला उबेत बसवायचं. घाम सुटेल तिथे निळंकाळं होतं. मधूनमधून मात्र कोरडे पट्टे तसेच राहतात, आणि ते पाठीच्या कण्याशी येऊन इंग्रजी ‘व्ही’सारखे मिळतात. गर्भात त्वचेच्या पेशी ज्या वाटांनी पसरत गेल्या, त्याच या वाटा.

डार्विनच्या नोंदीतल्या, काहीच न झालेल्या त्या लेकींच्या पाठीही दर उन्हाळ्यात अशाच पट्ट्यापट्ट्यांनी भिजत असणार, कपड्यांआड.