बारावीनंतर ब्रिटन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्रिटनमध्ये पदवीला प्रवेश घ्यायचा तर बहुतेक सगळे अर्ज ‘युकास’ या एकाच संस्थेमार्फत जातात. प्रक्रिया तशी सरळ आहे. घोळ होतो तो अमेरिकेचे नियम ब्रिटनला लावल्यामुळे आणि ऐकीव माहितीवर विसंबल्यामुळे.

गैरसमज : बारावीचा निकाल हाती आल्यावरच अर्ज करता येतो.
वस्तुस्थिती : महाराष्ट्र बोर्डाचा निकाल लागतो मे महिन्यात. युकासची मुख्य मुदत जानेवारीतच संपते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची तर १५ ऑक्टोबरलाच. म्हणजे अर्ज बारावीचं वर्ष चालू असतानाच करायचा. आधीचे गुण आणि कॉलेजने कळवलेले अपेक्षित गुण पाहून विद्यापीठ सशर्त प्रवेश देऊ करतं : अमुक टक्के मिळाले तर जागा तुमची. अपेक्षित गुण आणि शिफारसपत्र देण्याची आपल्याकडच्या अनेक कॉलेजांना सवय नसते, तेव्हा बारावी सुरू होताच शिक्षकांशी बोलून ठेवावं. शिफारस नातेवाइकांची चालत नाही.

गैरसमज : ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवावा.
वस्तुस्थिती : एका वर्षी दोन्हींपैकी एकच निवडता येतं. एकूण पाच पर्याय भरता येतात. त्यांतले वैद्यकीय अभ्यासक्रमाचे जास्तीत जास्त चार. तुम्ही आणखी कुठे अर्ज केलाय, हे निवड करताना विद्यापीठांना दिसत नाही.

गैरसमज : प्रमाणपत्रांची फाइल जाड, तर प्रवेश पक्का.
वस्तुस्थिती : वक्तृत्वाची ढाल, जिल्हास्तरीय कबड्डी हे सगळं कौतुकाचं, पण विद्यापीठ बघतं ते तुमचं विषयाशी असलेलं नातं. २०२६च्या प्रवेशापासून अर्जातल्या वैयक्तिक निवेदनात तीन प्रश्न असतात : हाच अभ्यासक्रम का, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी काय तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून मर्यादा ४,००० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. ‘लहानपणापासून मला इंजिनिअर व्हायचं होतं’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘गल्लीतल्या नाल्याचा उतार मोजला, तेव्हा कळलं की कचरा काढला तरी तो तुंबणारच’ हे वाचल्यावर सिव्हिलचा प्राध्यापक पुढचं वाचतो. हेच निवेदन पाचही विद्यापीठांना जातं, त्यामुळे त्यात एकाचीच स्तुती करू नये. इंटरनेटवरून उचललेला मजकूर युकासची संगणकप्रणाली पकडते आणि विद्यापीठांना तसं कळवते.

गैरसमज : व्हिसाच्या वेळी काका-मामांनी खात्यात पैसे दाखवले की झालं.
वस्तुस्थिती : पैसे विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांच्या (अथवा कायदेशीर पालकांच्या) खात्यात हवेत आणि सलग २८ दिवस हवेत. मध्ये एक दिवस जरी शिल्लक कमी पडली, तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. राहिलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च, असा हिशेब असतो. लंडनसाठी ही रक्कम जास्त. काकांनी मदत करायची असेल, तर पैसे वेळेत आई-वडिलांच्या खात्यात वळते करावेत. मान्यताप्राप्त बँकेचं शैक्षणिक कर्जही चालतं.

गैरसमज : एजंटशिवाय अर्ज जातच नाही.
वस्तुस्थिती : अर्ज विद्यार्थी स्वतः ऑनलाइन भरू शकतो. २०२६च्या प्रवेशासाठी पाचही पर्यायांची मिळून फी २८.९५ पौंड होती. चांगले सल्लागार आहेत, पण अनेकांना विद्यापीठांकडून कमिशन मिळतं. ‘फुकट सल्ला’ परवडतो तो त्यामुळेच. तेव्हा पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचाराव्यात : तुमचा करार कोणत्या विद्यापीठांशी आहे आणि त्या यादीबाहेरच्या विद्यापीठाचा अर्ज तुम्ही भरून द्याल का? उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर अर्ज घरीच भरायला बसावं.