सुतळी, खुंट्या आणि फिरोजी खापरं

उत्खननाच्या पहिल्या आठवड्यात पुरातत्त्वाचा विद्यार्थी इतिहासापेक्षा सुतळीच जास्त हाताळतो. आधी हंगामभर हलणार नाही असा एक पक्का बिंदू ठरवायचा. पुढे सगळी खोली त्याच्यापासूनच मोजायची. मग दोऱ्या ताणून जमिनीवर चौकोन आखायचे, कोपऱ्यांत खुंट्या ठोकायच्या. शेजारच्या दोन चरांमध्ये मातीची एक भिंत मुद्दाम न खणता राखायची, कारण थर वाचायचे ते तिच्या अंगावरच. कुदळ चालते ती वरच्या मातीपुरती. खाली गेलं की थापी आणि ब्रश. माती चाळायची, खापरं धुवायची आणि प्रत्येक पिशवीत चर, थर, खोली, तारीख लिहिलेली चिठ्ठी टाकायची. कंटाळवाणं काम आहे, पण चिठ्ठी हरवली तर त्या खापराला कवडीची किंमत नाही.

तलासरीची हद्द ओलांडून गुजरातेत शिरलं की लागणाऱ्या संजाणला याची प्रचीती येते. वारोळीच्या खाडीवरच्या या जुन्या बंदरात २००२ ते २००४ असे तीन हंगाम उत्खनन झालं. नेतृत्व एस. पी. गुप्ता यांचं, पुढाकार वर्ल्ड झरतुश्ती कल्चरल फाउंडेशनचा. पारशी इराणहून येऊन इथे वसले असं परंपरा सांगते. मात्र ती कथा सांगणारा ‘किस्सा-ए-संजाण’ बहमन कैकोबाद यांनी १६००च्या सुमारास, म्हणजे कित्येक शतकांनंतर, फारसी पद्यात लिहिला.

संजाणचा त्याहून बराच जुना साक्षीदार महाराष्ट्रातल्या डहाणू तालुक्यात सापडला. चिंचणीचा शके ८४८चा (इ. स. ९२६) ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. संजाणचा कारभार तेव्हा मधुमती नावाच्या ताजिकाकडे, म्हणजे महंमद नावाच्या अरबाकडे होता. त्याने फुकट नावसेवा सुरू केली आणि अन्नछत्र घातलं, असं त्यात कोरलेलं आहे. राष्ट्रकूटांचा अरब अधिकारी! आपल्या शाळेच्या पुस्तकात हा माणूस असायला हवा होता.

चरांमधून निघाली ती पश्चिम आशियातली फिरोजी झिलईची खापरं, चिनी भांड्यांचे तुकडे, काच. असा तुकडा खाडीकाठी फिरतानाही सापडू शकतो. थरातला तुकडा मात्र सोबतच्या मातीचा काळ सांगतो. अशा खापरांवरूनच इथली वस्ती साधारण आठव्या ते तेराव्या शतकातली ठरली.

तिसऱ्या हंगामात विटांचा दख्मा, म्हणजे पारशांचा मृतदेह ठेवण्याचा बुरूज, उघडा झाला. त्याच्या मधल्या विहिरीत हाडं होती. त्यांतल्या २१ नमुन्यांच्या डीएनएचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आईकडून येणाऱ्या वंशरेषांपैकी ४८ टक्के दक्षिण आशियातल्या निघाल्या. आलेल्या पारशांनी सुरुवातीच्या काळात इथल्या स्त्रियांशी संसार थाटले असावेत, असा संशोधकांचा कयास आहे.