थेंबाने काढलेली कड

दोस्ता, ओट्यावर सांडलेला चहा वाळला की डाग कसा दिसतो? मध्ये फिकट, कडेला गडद! जणू कुणी पेन्सिलने गोल काढलाय. कुणी काढला, ओळख बघू?

चहानेच!

थेंबातलं पाणी कडेला सगळ्यांत भराभर उडून जातं. मग ती जागा भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं. मधली सुट्टी झाली की सगळा वर्ग दाराकडे धावतो ना, अगदी तसं! धावताना चहाचे बारीक कणही सोबत येतात. पाणी जातं उडून, कण राहतात दारातच अडकून. आणि गंमत ऐक! हे कोडं शिकागोच्या शास्त्रज्ञांनी नीट उलगडलं ते थेट 1997 साली. तोवर जगभरात किती चहा सांडला असेल!

चित्रातले जलरंगही असेच वागतात. त्यात असतं काय? रंगाची पूड आणि डिंक. हा डिंक बाभळीच्या भाऊबंद झाडांचा! कोरड्या कागदावर रंगाचा थेंब टाकला की कडेला रेघ उमटते. कागद आधीच ओला असला तर? रंग सैरावैरा पसरतो! आणि पांढरा ढग हवा असेल तर तिथे ब्रश टेकवायचाच नाही. कोरा कागद हाच ढग!

पाण्याच्या या खोड्या चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना चांगल्या ठाऊक होत्या. ते 1924 साली नागपुरात जन्मले आणि मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकले. सुरुवातीला त्यांनी सुंदर जलरंग केले. पुढे तेलरंग घेतले. तेलरंगात बहुधा जवसाचं तेल असतं. हो, चटणीतलं जवस! ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. म्हणजे हाताशी वेळच वेळ! गायतोंडे कॅनव्हासवर रोलर फिरवायचे, फाटक्या कागदाचे तुकडे दाबून रंग उमटवायचे. त्या चित्रांत ना झाड, ना घर, ना माणूस! नुसता रंग आणि उजेड. मला ती फार फार आवडतात.

2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. एकूण 45 कामं! मोठे कॅनव्हासही आणि कागदावरची कामंही.

आता तुझी पाळी! सापगावच्या पुलावरून पावसाळ्यातली गढूळ भातसा नदी पाहिली आहेस ना? नदीत मात्र उतरायचं नाही हं! तसं गढूळ पाणी घरीच करायचं! अंगणातली चिमूटभर माती वाटीभर पाण्यात कालव. जाड कागदावर एक थेंब टाक, शेजारी ओल्या जागेवर दुसरा. रात्रभर वाळू दे. सकाळी कड कुणाला आली ते बघ आणि कागदामागे तारीख लिहून ठेव!