आवर्तनाचा दिवस

सकाळी ६.
जानेवारीत निफाड-दिंडोरीकडची थंडी हाडांत शिरते. मायनरच्या, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्याच्या, मुखाशी पाटकरी बॅटरी धरतो, मी पट्टीवरची पातळी वाचून लिहितो. पातळीवरून विसर्ग, विसर्गावरून घनमीटर. एक क्युसेक तासभर वाहिला की सुमारे १०२ घनमीटर होतात. एकराला सहा सेंटिमीटरची पाळी द्यायची तर २४३ घनमीटर लागतात. हे गणित सरळ आहे. आधी कोणाला द्यायचं, ते त्यातून निघत नाही.

सकाळी ९.
आमच्या पाणीवापर संस्थेच्या कार्यालयात मागणी अर्ज सातबाऱ्याशी ताडून पाहतो. वाघाड धरणाचं पाणी एकेकाळी ओझरच्या टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटापर्यंत, पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकरी एकत्र केले आणि १९९०च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं, पीक आपलं आपण ठरवायचं. पुढे साऱ्या प्रकल्पावर २४ संस्था झाल्या. त्या लोकांनी कालव्याचं पाणी बंधाऱ्यांत सोडून विहिरीही भरवल्या. मला ते सर्वांत मोठं शहाणपण वाटतं: विहीर हिशेबात आली.

म्हणून मी दुसरी वहीही ठेवतो, कुटुंबांची. विहीर आहे का, मार्चमध्ये पंप किती तास चालतो, शेततळं, ठिबक, जमीन कसतं कोण, वाट्यानं केली आहे का, दूध किंवा पगार येतो का.

दुपारी १२.
टेलच्या मळ्यात एक मावशी कांदा खुरपत होत्या.
“भाऊ, सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर. अर्ज कोणाच्या नावानं भरू?”
“वारसनोंदीचा अर्ज दिलाय ना, मावशी? त्याची पोच जोडा. कसणारी म्हणून तुमचं नाव लिहितो.”
विहीर नाही, एक एकर कांदा, वर्षाचा पैसा त्यातच. बांधापलीकडे द्राक्षबाग, ठिबक, भरलेलं शेततळं. मागणीच्या तक्त्यात दोघांपुढे एकच आकडा: एक एकर. तेवढ्यावर पाळी लावली तर कागद बरोबर आणि माणूस उपाशी.

दुपारी ४.
बैठक. २००५च्या सिंचन कायद्यानं संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ तिन्ही भागांना जागा दिली, त्यामुळे टेलवाल्याला दाराशी उभं राहावं लागत नाही. ज्यांच्याकडे साठा नाही त्यांना आधी पाणी द्यावं, असं मी मांडलं. पलीकडच्या द्राक्षबागेचे अण्णा चिडले: “शेततळं मी कर्ज काढून केलं, त्याची शिक्षा मला?” त्यांचं म्हणणं खरं होतं. बरीच वादावादी झाली. कोणाचाही कोटा कापायचा नाही, पण ज्याच्याकडे साठा आहे त्यानं दोन दिवस मागे सरकायचं, असं ठरलं. अण्णांनी स्वतःच सही केली. मला त्यांचा फार आदर वाटला.

संध्याकाळी ७.
पाळीची यादी, प्रत्येकाचे घनमीटर आणि पाणीपट्टी फलकावर लावली. हे सर्वांनी पाहायलाच हवं. कुटुंबवही मात्र कपाटात बंद. कोणाच्या घरी पगार येतो, कोण वाट्यानं करतो, हे लोकांनी विश्वासानं सांगितलेलं असतं. ते पाळी ठरवण्यापुरतंच वापरायचं. या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची आहे, म्हणून मावशींची पाळी दिवसा धरली. चारीचं पाणी पाटानंच येतं, पण शेजारचे पंप रात्री सुरू असले की दिवसा वाटेत कोणी उपसत नाही.