आकार आणि भूक

मोठ्या प्राण्यास अन्न अधिक व लहानास कमी लागते, अशी मुलांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. हे पटवून देण्यास दोन परदेशी प्राण्यांची तुलना उपयोगी पडेल.

इंडोनेशियातील कोमोडो, रिंजा, फ्लोरेस इत्यादी बेटांवर कोमोडो ड्रॅगन हा जगातील सर्वांत मोठा सरडा राहतो. तो आपल्या घोरपडीचाच भाऊबंद होय. त्याची लांबी तीन मीटरपर्यंत असून वजन ७० किलोग्रॅम व क्वचित त्याहूनही अधिक भरते. तो दबा धरून हरणावर वा रानडुकरावर झडप घालतो. एका वेळी स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत मांस तो गिळू शकतो. मग कित्येक दिवस उपाशी राहिला तरी त्याचे अडत नाही.

क्यूबातील मधमाशी-गुंजन हा जगातील सर्वांत लहान पक्षी. त्याचे वजन जेमतेम दोन ग्रॅम. एका ७० किलोग्रॅमच्या ड्रॅगनच्या भारंभार असे किती पक्षी लागतील, हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्यावे; उत्तर ३५,००० येईल. फुलापुढे अधांतरी स्थिर राहताना त्याचे पंख सेकंदास सुमारे ८० वेळा हलतात. त्यामुळे दिवसभर त्यास मध व बारीक किडे टिपत राहावे लागते.

याची कारणे दोन. पक्षी आपली ऊब अन्न जाळून राखतो. सरडा ती उन्हातून घेतो. दुसरे कारण आकाराचे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ व घनफळ १ असते. दोन सेंटिमीटरच्या घनाचे अनुक्रमे २४ व ८. म्हणजे लहान वस्तूस वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक, आणि म्हणून तिची उष्णता लवकर निघून जाते. कढत पाण्याने भरलेली वाटी व घागर शेजारी ठेवून हे प्रत्यक्ष दाखवावे.

आपल्याकडील शिंजीर मध पितो, म्हणून त्यास गुंजन पक्षी म्हणू नये. गुंजन पक्षी केवळ अमेरिका खंडांत व लगतच्या बेटांवर आढळतात. घोरपड मात्र शिवारातच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तिची शिकार गुन्हा ठरते. तिचा थोरला भाऊबंद २०२१ पासून धोक्यातील प्राण्यांत गणला जातो. घोरपडीवर ती पाळी येऊ न देणे आपल्या हाती आहे, हे मुलांच्या मनावर ठसवावे.