चढाचे कर्ज उतारावर फिटते का?

एका चुकलेल्या हिशेबाची ही गोष्ट आहे. तो हिशेब माझाच होता.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि पहाटे साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात धावायला जातो. २०१२ पासून साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन भरते, ती याच घाटात. माझा हा छंद ठाऊक असल्यामुळे डोंगराळ भागातील एका शाळेने काही वर्षांपूर्वी मला क्रॉस कंट्री शर्यतीचा मार्ग आखून द्यायला सांगितले. मी भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा पुढे घेतला. त्यावर २० मीटरला एक अशा समोच्च रेषा असतात. शाळेपासून पठाराच्या कडेपर्यंत अशा १५ रेषा ओलांडाव्या लागत होत्या; म्हणजे चढ ३०० मीटर. कच्च्या गाडीरस्त्याने हे अंतर ३ किलोमीटर. वर जाऊन त्याच वाटेने परत यायचे. एकूण ६ किलोमीटर.

शर्यतीतून तालुक्याच्या स्पर्धेसाठी मुले निवडायची होती. सपाट मैदानावर त्या शाळेतील चांगली मुले ६ किलोमीटर ३० मिनिटांत धावत. मी म्हणालो, "जेवढा चढ, तेवढाच उतार. चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघेल. मर्यादा ३० मिनिटांचीच ठेवा."

एकही मूल ३० मिनिटांत परत आले नाही. दहावीतली एक मुलगी सर्वांच्या पुढे होती. तिला ३८ मिनिटे लागली. नियमाप्रमाणे त्या वर्षी शाळेतून कोणाचेच नाव तालुक्याला गेले नाही. धापा टाकीत ती मला म्हणाली, "सर, चढावर दम लागतो ते कळलं. पण उतारावर पाय का भरून येतात?" मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही.

पुस्तकातला हिशेब

समजा, धावणाऱ्या मुलीचे वजन ४० किलो आहे. ३०० मीटर वर चढताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तिला ४० × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे १ लाख १८ हजार ज्यूल कार्य करावे लागते. ते स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठते आणि उतरताना तेवढीच ऊर्जा मोकळी होते. पुस्तकात लिहिलेले हे अगदी खरे आहे. सायकलस्वार तिचा पुष्कळसा उपयोगही करून घेतो. पायडल न मारता तो घाट उतरतो.

पण पाय म्हणजे चाक नव्हे! उतारावर प्रत्येक पावलाला खाली येणारे शरीर अडवावे लागते. गुडघा वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. भरलेली बादली दोराने विहिरीत हळूहळू सोडून पाहा. बादली आपोआप खाली जाते, तरी तुमचे हात भरून येतात. मोकळी झालेली ऊर्जा स्नायूंत साठून राहत नाही. बहुतेक उष्णता होऊन निघून जाते. शिवाय ताणलेल्या अवस्थेत जोर लावल्याने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

शरीराचा हिशेब

इटालियन शास्त्रज्ञ अल्बर्तो मिनेत्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरी शर्यतींतील १० धावपटूंना वेगवेगळ्या चढ-उतारांवर ट्रेडमिलवर धावायला लावले आणि त्यांना लागणारा प्राणवायू मोजला. २००२ साली त्यांनी जे सूत्र प्रसिद्ध केले त्यावरून, दर किलो वजनाला दर मीटरमागे सपाटीवर सुमारे ३.६ ज्यूल, १० टक्के चढावर ६ ज्यूल आणि १० टक्के उतारावर २.१५ ज्यूल खर्च होतो. उतार साधारण २० टक्क्यांहून अधिक झाला की खर्च पुन्हा वाढू लागतो.

आमचा रस्ता १० टक्के चढाचाच होता. ४० किलो वजनाला ३ किलोमीटर सपाटीसाठी ४.३२ लाख ज्यूल लागतात, चढासाठी ७.२० लाख आणि उतारासाठी २.५८ लाख. म्हणजे चढावर २.८८ लाख जादा गेले, उतारावर १.७४ लाखच वाचले. एकूण खर्च सुमारे १३ टक्क्यांनी वाढला.

वेळेचा हिशेब

पण ३० मिनिटांचे १३ टक्के म्हणजे ४ मिनिटे. मग ३८ मिनिटे कशी लागली?

शरीर ठरावीक दरानेच ऊर्जा पुरवू शकते असे धरू. सपाटीवर किलोमीटरला ५ मिनिटे लागत असतील, तर या चढावर सव्वाआठ मिनिटांहून थोडी अधिक लागतील. ३ किलोमीटरला २५ मिनिटे. उतारावर मात्र किलोमीटरला ३ मिनिटे पुरतील. दोन्ही मिळून ३४ मिनिटे. पण किलोमीटरला ३ मिनिटे म्हणजे ताशी २० किलोमीटर! सुट्या मुरमाच्या उतारावर शाळकरी मूल या वेगाने धावेल कसे? छातीत दम शिल्लक असतो, पण पाय तेवढे भराभर पडत नाहीत आणि घसरण्याची भीती असते ती वेगळीच. तिला उतरायला १३ मिनिटे लागली. २५ आणि १३ मिळून ३८!

पायवाट की गाडीरस्ता?

गावची माणसे वळणाचा रस्ता सोडून उभी पायवाट का धरतात, हेही याच सूत्रातून कळते. तेच ३०० मीटर २५ टक्के चढाच्या पायवाटेने चढले, तर १० टक्के चढाच्या रस्त्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांश ऊर्जा वाचते. मात्र वाट याहून फार उभी केली तर आणखी फायदा होत नाही. आणि अशा वाटेने धावत उतरण्याचे धाडस कोणी करू नये.

सोपा नियम

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली डोंगरात चालणाऱ्यांसाठी एक आडाखा सांगितला : दर ३ मैलांना १ तास आणि दर २००० फूट चढाला आणखी १ तास. यातून १ मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे सुमारे ८ मीटर, असे समीकरण निघते. आमच्या मार्गाला ते लावले तर ३०० मीटर चढाचे २.४ किलोमीटर होतात. ६ चे झाले ८.४ किलोमीटर आणि वेळ ४२ मिनिटे. आडाखा चालणाऱ्यांचा असल्याने आकडा थोडा मोठा आला, पण माझ्या ३० मिनिटांपेक्षा तो सत्याच्या कितीतरी जवळ आहे.

पुढच्या वर्षी मर्यादा ४० मिनिटांची झाली आणि चौघांची निवड झाली. ती मुलगी मात्र तोवर दहावी होऊन शाळेतून गेली होती.

आता तुम्ही एक प्रयोग करा. रहदारी नसलेला साधारण २०० मीटरचा चढ निवडा. तो सावकाश पळत चढा, थोडी विश्रांती घ्या आणि मग उतरा. दोन्ही वेळा घड्याळात पाहा. दुसऱ्या दिवशी तेवढेच अंतर सपाटीवर दोनदा पळा. चढावर किती सेकंद जादा गेले आणि त्यांतले उतारावर किती परत मिळाले, ते वहीत मांडा. आणि डोंगरातल्या शर्यतीला कोणी वेळेची मर्यादा घालू लागले, तर आधी नकाशावरच्या समोच्च रेषा मोजायला सांगा.