गुडीहत्नूर ते लेह

आमच्या गुडीहत्नूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ उत्तरेस थेट श्रीनगरला पोहोचतो. त्याच वाटेने आम्ही जूनमध्ये मोटारीने सहकुटुंब लेहला निघालो. सोनमर्गची हिरवाई मागे पडली, सुमारे ३,५०० मीटर उंचीची झोजिला खिंड ओलांडली आणि झाडेच संपली! पावसाचे ढग हिमालय अडवतो. पलीकडे उरते ते शीत वाळवंट. लामायुरूचे पिवळे, चरे पडलेले डोंगर तर केवळ अद्भुत.

कारगिलला मुद्दाम मुक्काम केला होता. तरीही लेहमध्ये चार वर्षांचा नातू किरकिरू लागला, जेवेना, एकदा ओकला. ‘प्रवासाचा शीण,’ घरचे म्हणाले. परंतु एवढे मूल ‘डोके दुखते’ असे सांगत नाही. विरळ हवेचा त्रास त्याच्या किरकिरीतूनच ओळखावा लागतो. (सुट्टीतही आपला पेशा सुटत नाही, वैद्यबंधूंनो!) दुसऱ्या दिवशी ५,३०० मीटरहून उंच खारदुंगला ओलांडून हुंदरची वाळू आणि दोन वशिंडांचे उंट पाहायचे होते. मी बेत रद्द केला. लक्षणे असताना वर चढू नये. वाढल्यास तत्काळ खाली उतरावे.

सूनबाई दिवसभर अबोल होत्या. तिसऱ्या दिवशी नातवाने थुक्पा मागून घेतला. उंट मात्र राहिलेच.